दप्तर घेऊन युद्धावर : जपानची शाळकरी मुलं, १९४१ ते १९४५

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी ‘तोत्तोचान’ हे पुस्तक असेल. रेल्वेच्या डब्यांत भरणारी तोमोए शाळा, मुलांचं बोलणं तासन् तास ऐकून घेणारे कोबायाशी सर, डब्यात ‘काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरावरचं’ आणणारी मुलं, हे सगळं आपल्याला पाठ आहे. ती शाळा १९४५ साली टोकियोवरच्या हवाई हल्ल्यात जळून गेली, हेही शेवटच्या पानांत येतं आणि वाचणारा चटका लागून पुस्तक मिटतो. पण एक गोष्ट आपण सहसा विचारत नाही. तोमोए हा अपवाद होता. मग त्याच वर्षांत बाकीच्या जपानमध्ये शाळा कशा चालत होत्या? तिथली बारा ते अठरा वयाची मुलंमुली, म्हणजे आपल्या भाषेत हायस्कूलची मुलं, देशाबद्दल काय बोलत होती, पुढे काय व्हायचं ठरवत होती? आज त्याबद्दल बोलू.

सुरुवात जरा मागून करावी लागेल. १८९० साली सम्राट मेईजींच्या नावाने शिक्षणाविषयी एक आज्ञापत्र निघालं. अगदी छोटं, एका पानात मावेल एवढं. सणासमारंभाला शाळेतली सगळी मुलं मान खाली घालून उभी राहत, पांढरे हातमोजे घातलेले मुख्याध्यापक ते वाचत, आणि मुलांना ते तोंडपाठ असे. त्यात काय होतं? आईवडिलांचा मान राखा, भावंडांशी प्रेमाने वागा, मित्रांशी खरं बोला, अभ्यास करा, कायदा पाळा. इथे बसलेल्या एकाही आजोबांना यातलं काही खटकणार नाही. त्यातच पुढे येतं, की देशावर प्रसंग आला तर स्वतःला सिंहासनासाठी अर्पण करा. आम्हाला हे आज्ञापत्र महत्त्वाचं वाटतं ते याचसाठी. मरणाची तयारी ही घरच्या चांगल्या वळणाच्याच ओळीत, तेवढ्याच साधेपणाने मांडलेली होती. आईला नमस्कार करणं आणि सम्राटासाठी मरणं यांत शिवण कुठे आहे ते मुलाला दिसूच नये, अशी ती रचना.

म्हणून ‘त्या मुलांचं ब्रेनवॉशिंग झालं होतं’ असं एका वाक्यात म्हणून आपण मोकळे होतो, ते आम्हाला पटत नाही. ब्रेनवॉशिंग म्हटलं की माणूस बाहुली होतो. ही मुलं बाहुल्या नव्हती. त्यांना परीक्षेची भीती वाटत होती, मैत्रिणीच्या केसांचा हेवा वाटत होता, गोड खायला मिळत नाही म्हणून ती कुरकुरत होती, आणि देशावर त्यांचं प्रेमही होतं. ते प्रेम खोटं नव्हतं. ते खरं होतं म्हणूनच मोठ्यांनी त्याचं जे केलं त्याचा हिशेब मांडावा लागतो.

आता ओकिनावाकडे येऊ, कारण या विषयाचं सगळ्यात दाट चित्र तिथे आहे.

ओकिनावा हा जपानच्या दक्षिणेकडचा बेटांचा समूह. तिथे र्‍युक्यूचं स्वतंत्र राज्य होतं, ते १८७९ साली जपानने खालसा करून आपला एक प्रांत केला. भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या. मुख्य भूमीवरचे लोक ओकिनावाच्या माणसाकडे जरा खालच्या नजरेनेच बघत. शाळेत मुलाच्या तोंडून बोलीतला शब्द निघाला तर त्याच्या गळ्यात एक लाकडी पाटी अडकवत. दुसरं कुणी बोली बोलताना सापडेपर्यंत ती पाटी त्यानेच वागवायची, आणि मग त्या दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. म्हणजे मुलांनी एकमेकांवर पाळत ठेवायची. (आपल्याकडच्या काही इंग्रजी शाळांत मराठी बोललं की दंड होतो, असं मुलं सांगतात. ती गोष्ट या मापाची नाही हे कबूल, पण ऐकताना ती पाटी आठवते.) तर ज्या मुलांना लहानपणापासून ‘तू पुरता जपानी नाहीस’ असं सुचवलं गेलं, त्यांना आपण जपानी आहोत हे इतरांपेक्षा दुप्पट सिद्ध करायचं होतं. ओकिनावाच्या मुलांच्या देशभक्तीत हा एक जादा भार होता. टोकियोच्या मुलाला तो नव्हता.

नाहा शहराजवळ आसातो इथे मुलींच्या दोन संस्था एकाच आवारात होत्या. एक ओकिनावाची पहिली कन्या हायस्कूल आणि दुसरी अध्यापक विद्यालयाची महिला शाखा, म्हणजे आपल्याकडचं जुनं डी.एड. कॉलेज म्हणा. दोन्ही शाळांची वार्षिकं निघत. एकाच्या नावात ‘हिमे’ म्हणजे राजकन्या, दुसऱ्याच्या नावात ‘युरी’ म्हणजे लिली. त्यावरून या मुलींना ‘हिमेयुरी’ हे नाव मिळालं. ऐकायला फार नाजूक नाव आहे, आणि त्या नाजूकपणाने पुढे बराच गोंधळही केला. त्याकडे शेवटी येऊ.

या मुलींची स्वप्नं काय होती? मोठी नव्हती. बहुतेकींना शिक्षिका व्हायचं होतं. त्या काळात सगळीच मुलं हायस्कूलपर्यंत पोचत नसत. बेटावरच्या खेड्यातल्या मुलीने नाहाला वसतिगृहात राहून शिकायचं आणि गावी ‘बाई’ म्हणून परतायचं, ही त्या घराच्या दृष्टीने केवढी मजल. आपल्याकडे कोकणातून, खानदेशातून जी पहिली मुलगी ट्रेनिंग कॉलेजात गेली असेल तिच्या आईला विचारा. त्यामुळे देश आणि भवितव्य या दोन गोष्टी या मुलींच्या मनात भांडत नव्हत्या. चांगली शिक्षिका होणं हीच देशसेवा, आणि ती सनद हातात आली की आयुष्य मार्गी.

युद्ध आलं तसं शाळेचं रूप बदलत गेलं, आणि ते एकदम बदललं नाही, ही यातली मेख. आधी गणवेश बदलला, खलाशी पद्धतीच्या कॉलरचा आवडता झगा गेला आणि साधी कॉलर आली. मग खाली घोळदार ‘मोंपे’ विजारी. मग इंग्रजी मागे पडलं, कारण ती शत्रूची भाषा. मग कवायत वाढली. मग आठवड्यातले काही दिवस शेतात, काही दिवस लष्करासाठी खंदक आणि विमानांच्या छावण्या खणायला. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडीशीच उंच होती. १० ऑक्टोबर १९४४ रोजी अमेरिकी विमानांनी नाहावर हल्ला केला आणि शहराचा नव्वद टक्के भाग जळला. त्यानंतर मुलींना रुग्णसेवेचं शिक्षण सुरू झालं. पट्टी कशी बांधायची, रक्त कसं थांबवायचं. रुग्णालय म्हणजे लाल क्रॉसचा झेंडा लावलेलं, सुरक्षित, शिस्तीचं ठिकाण, असंच त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

२३ मार्च १९४५ च्या रात्री बोलावणं आलं. २२२ मुली आणि १८ शिक्षक, म्हणजे २४० जण, चालत हाएबारूच्या लष्करी रुग्णालयाकडे निघाले. मुलींची वयं पंधरा ते एकोणीस. आणि सोबत काय घेतलं? पुस्तकं, वह्या, लिहायचं साहित्य, कंगवा. आठवड्याभरात जपानी सैन्य जिंकेल, आपण शाळेत परत येऊ, मध्ये अभ्यास बुडायला नको. मंडळी, या विषयावर आम्ही जे जे वाचलं त्यातली ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. देशासाठी मरायला तयार असलेली मुलगी वही घेऊन जाते. दोन्ही एकाच पिशवीत. ‘मरायला तयार आहे’ हे ती मनापासून म्हणत होती, आणि आपण मरणार आहोत असं तिला मुळीच वाटत नव्हतं. सतराव्या वर्षी हे दोन्ही एकदम शक्य असतं. तुमच्या-आमच्या घरातल्या सतरा वर्षांच्या मुलांकडे बघितलं तर पटेल.

रुग्णालय कसलं, टेकडीत खणलेली भुयारं होती, चाळीसएक. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांचे माचे, मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. २९ मार्चच्या रात्री, तोफांच्या माऱ्यातच, एका तात्पुरत्या झोपडीत मेणबत्तीच्या उजेडात त्या वर्षीच्या मुलींचा पदवीदान समारंभ झाला. या समारंभासाठी एक निरोपगीत तयार होतं. शाळेच्या संगीताच्या तरुण मास्तरांनी त्याला चाल लावली होती, मुलींनी त्याचा सरावही केला होता. ते गायलं गेलं नाही. त्याऐवजी सम्राटाच्या पायाशी मरण पत्करण्याचं गंभीर गीत गायला लावलं. चाल लावणारे ते मास्तरही जूनमध्ये गेले. मुली पदवीधर झाल्या, आता त्या शिक्षिका होत्या. आणि झोपडीतून बाहेर पडून त्या पुन्हा भुयारात गेल्या.

पुढच्या दोन महिन्यांचं वर्णन आम्ही लांबवणार नाही. जखमांतले किडे काढणं, कापलेले हातपाय बाहेर नेऊन टाकणं, गोळीबारातून भाताची बादली आणि पाणी आणणं, मेलेल्यांना पुरणं. मे महिन्याच्या अखेरीस दक्षिणेकडे माघार घ्यायचा हुकूम आला, तेव्हा ज्यांना चालता येत नव्हतं त्या सैनिकांना दुधातून सायनाइड देण्यात आलं. हे मुलींनी पाहिलं. ज्या सैन्याच्या विजयावर त्यांचा विश्वास होता, त्या सैन्याने आपल्याच माणसांचं केलेलं हे काम.

आणि मग १८ जून. इहारा भागातल्या गुहांमध्ये मुली लपल्या होत्या. हुकूम आला : तुमचं पथक विसर्जित केलं आहे, यापुढे प्रत्येकीने आपलं आपण बघावं. बाहेर अमेरिकी सैन्य येऊन ठेपलेलं, मागे समुद्र. दुसऱ्या दिवशी सकाळी एका गुहेवर वायूचा मारा झाला आणि आतले बहुतेक सगळे गेले. आकडे पाहा. कामावर लावल्यापासून विसर्जनापर्यंतच्या जवळजवळ तीन महिन्यांत या पथकातली एकोणीस माणसं गेली होती. विसर्जनानंतरच्या थोड्या दिवसांत शंभरावर गेली. २४० पैकी एकूण १३६. सैन्याने जोवर त्यांना राबवलं तोवरच्यापेक्षा, सैन्याने ‘आता जा’ म्हटल्यावर जास्त मेली. इतिहासकार याला काय म्हणतील ते म्हणोत, आम्ही याला टाकून देणं म्हणतो.

शरण का गेल्या नाहीत, हा प्रश्न हमखास येतो. शरण जाणं म्हणजे देशद्रोह, आणि अमेरिकी सैनिकाच्या हाती लागलेल्या मुलीचं काय होतं याच्या भयंकर कथा त्यांना पढवलेल्या. काही जणींनी किनाऱ्यावरच्या खडकांत हातबॉम्बने जीव दिला. नाकासोने सेईझेन नावाचे एक शिक्षक काही मुलींसोबत तिथेच किनाऱ्यावर होते. मुलींनी हातबॉम्ब फोडायची परवानगी मागितली, त्यांनी दिली नाही. ते आणि त्या मुली पकडले गेले, म्हणजे वाचले. लक्षात घ्या, मुली परवानगी मागत होत्या. शेवटच्या क्षणालासुद्धा त्या विद्यार्थिनीच होत्या, आणि सरांचं ऐकत होत्या. नाकासोने सरांनी पुढे या मुलींच्या कहाण्या गोळा करून पुस्तक केलं. त्यांचा मूळचा विषय भाषाशास्त्र. त्यांनी आपल्या नाकिजिन गावच्या बोलीचा मोठा कोश तयार केला, तो १९८३ साली निघाला. ज्या प्रांतात बोलीचा शब्द उच्चारला म्हणून गळ्यात पाटी पडत होती, त्या प्रांतातला हा कोश.

मुलांचं थोडक्यात सांगतो. ओकिनावाच्या मुलग्यांच्या शाळांतून ‘रक्त आणि लोह’ अशा नावाची पथकं उभी केली. चौदा वर्षांपासूनची मुलं. निरोप पोचवणं, तारा जोडणं, आणि पुढे पाठीवर स्फोटकं बांधून रणगाड्याखाली जाणं. जवळजवळ निम्मी गेली. एवढ्या लहान मुलांना भरती करायला कायदाच नव्हता. ती ‘स्वेच्छेने’ आली असं कागदोपत्री दाखवायचं, पालकांचा शिक्का हवा तर तोही कधी शाळेतच उमटवला जायचा. मुलांना आणि स्त्रियांना लढाईत घेण्याचा कायदा टोकियोत झाला तो जूनच्या चौथ्या आठवड्यात, म्हणजे ओकिनावाची लढाई संपता संपता. या पथकातून वाचलेले ओता मासाहिदे पुढे ओकिनावाचे गव्हर्नर झाले, आणि १९९५ साली त्यांच्याच कारकिर्दीत तिथे शांतीचं स्मारक उभं राहिलं. त्यावर मृतांची नावं आहेत : ओकिनावाच्या लोकांची, जपानी सैनिकांची आणि अमेरिकी सैनिकांचीही.

इथे मराठी माणसाला नंदुरबार आठवल्याशिवाय राहत नाही. तेच महायुद्ध. ९ सप्टेंबर १९४२ रोजी हातात तिरंगा घेतलेला शिरीषकुमार पोलिसांच्या गोळीबारात पडला, त्याच्यासोबत आणखी चार जण. शिरीषकुमार होता पंधरा वर्षांचा. वय तेच, धैर्यही तेच, आणि देशासाठी काही करावं ही ऊर्मीही तीच. मग फरक कुठे? आमच्या मते मनात शोधू नये, रस्त्यावर शोधावा. नंदुरबारची मुलं ज्यांच्या विरुद्ध उभी होती त्यांच्याच हातात कचेरी होती, बंदूक होती. त्या सकाळी घरी थांबलेल्या मुलाला कुणी शिक्षा करणार नव्हतं. ओकिनावात बोलावणारा मुख्याध्यापक होता, त्याच्यामागे लष्कर होतं आणि त्याच्यामागे सम्राट. ‘मी येत नाही’ हे वाक्य म्हणायला तिथे जागाच ठेवलेली नव्हती. मुलांच्या देशभक्तीचं कौतुक करण्याआधी ही जागा होती की नव्हती ते बघावं, असं आम्हाला वाटतं.

मुख्य भूमीवर प्रत्यक्ष लढाई पोचली नाही, पण शाळा तिथेही उरली नव्हती. १९४४ पासून हायस्कूलची मुलं वर्षभर कारखान्यांत होती. मुलग्यांना नौदलाच्या वैमानिक प्रशिक्षणाचं आकर्षण. त्या गणवेशाला सात सोनेरी बटणं, त्या बटणांसाठी किती घरांत आईशी भांडणं झाली असतील. शेवटी विमानंच उरली नाहीत, तेव्हा त्या मुलांना फावडी देऊन खंदक खणायला लावलं. मुलांनी प्रशिक्षणाच्या नावातलं एक अक्षर बदलून त्याचा अर्थ ‘मातीकाम’ असा करून टाकला. हसायची सोय मुलं कुठूनही काढतात.

मुलींच्या वाट्याला काय आलं, तर कागद चिकटवणं. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा हातकागद, त्याचे थरावर थर, आणि कोन्याकू नावाच्या कंदाची खळ. त्यातून दहा मीटर व्यासाचे फुगे तयार होत. कशासाठी ते मुलींना धड सांगितलेलं नव्हतं. त्याखाली बॉम्ब बांधून ते वाऱ्यावर पॅसिफिक महासागरापार सोडले जात, नऊ हजारांच्या वर सोडले. बहुतेक वाया गेले. पण ५ मे १९४५ रोजी ऑरेगॉन राज्यातल्या ब्लाय गावाजवळ सहलीला गेलेल्या मंडळींना जंगलात एक फुगा पडलेला सापडला. त्याच्या स्फोटात पाच मुलं आणि एक गरोदर बाई गेली. चाळीसएक वर्षांनी, फुगे चिकटवणाऱ्या मुलींपैकी काहींना, ज्या आता आजी झाल्या होत्या, हे कळलं. त्यांनी कागदाचे हजार बगळे घडी करून ब्लायला पाठवले. पुन्हा कागदच.

हिरोशिमाबद्दल एकच सांगतो. ६ ऑगस्टच्या सकाळी शहरात हजारो शाळकरी मुलं रस्त्यावर होती, बहुतेक बारा-तेरा वर्षांची. आगीला आडवे पट्टे ठेवण्यासाठी घरं पाडण्याचं काम त्यांना दिलेलं होतं. त्यांतली सुमारे सहा हजार गेली. महापालिकेच्या एका कन्या हायस्कूलच्या सहाशेहून अधिक मुली आणि शिक्षक गेले. १९४८ साली त्यांचं स्मारक केलं तेव्हा अमेरिकी अंमलाखाली अणुबॉम्बचा उच्चार करायची चोरी होती. म्हणून शिल्पातल्या मोंपे घातलेल्या मुलीच्या हातात एक पेटी दिली आणि त्यावर आइन्स्टाइनचं सूत्र कोरलं : ई बरोबर एमसी वर्ग. कळणाऱ्याला कळावं.

युद्ध संपलं. शाळा उघडल्या. नवी पुस्तकं छापायला कागद नव्हता, आणि जुन्या पुस्तकांत तर पानोपानी सैनिक आणि सम्राट. मग १९४५ च्या शरद ऋतूत शिक्षकांनी मुलांना शाई आणि कुंचला घ्यायला सांगितला : अमुक पानावरच्या अमुक ओळी काळ्या करा. तेच शिक्षक, तीच पुस्तकं, तीच मुलं. कालपर्यंत जे पाठ नाही म्हणून छडी बसत होती ते आज स्वतःच्या हाताने पुसायचं. त्या पिढीतल्या अनेकांनी पुढे लिहून ठेवलंय, की बॉम्बपेक्षाही या शाईने त्यांचा मोठ्यांवरचा विश्वास उडवला. पुढच्या काळात जपानमध्ये सरकारी देशभक्तीकडे जे संशयाने बघितलं गेलं, त्याचं एक मूळ या काळ्या पानांत आहे, असं आमचं मत आहे.

आणि आता त्या नाजूक नावाकडे. १९५३ साली दिग्दर्शक इमाई तादाशी यांचा हिमेयुरींवरचा चित्रपट आला आणि अफाट चालला. सगळा देश रडला. मुली झाल्या लिलीची फुलं, पवित्र, निष्पाप, देशासाठी कोमेजलेल्या. वाचलेल्या बायकांना हे रुचलं नाही. आमच्या मैत्रिणी सुंदर मेल्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं. कित्येकींनी तर कितीतरी वर्षं तोंडच उघडलं नव्हतं. मैत्रीण गेली आणि मी राहिले, तिच्या आईसमोर कोणत्या तोंडाने जाऊ? शेवटी त्यांनी स्वतः पैसे उभे करून संग्रहालय बांधलं, ते २३ जून १९८९ रोजी उघडलं. नाकासोने सर त्याचे पहिले प्रमुख. तिथे या बायका रोज येऊन शाळकरी मुलांशी बोलत राहिल्या, वय नव्वदीकडे झुकेपर्यंत.

२००५ साली टोकियोतल्या एका शाळेच्या प्रवेशपरीक्षेत इंग्रजीच्या उताऱ्यात एक मुलगा म्हणतो, की हिमेयुरी आजींचं बोलणं ऐकलं आणि ते मला कंटाळवाणं वाटलं. देशभर गदारोळ झाला, शाळेने माफी मागितली. आम्हाला मात्र तो उतारा लिहिणाऱ्यापेक्षा त्यानंतर संग्रहालयाने केलेलं काम जास्त सांगण्यासारखं वाटतं. वाचलेल्या बायका थकत चालल्या, आणि युद्धाशी काही संबंध नसलेल्या तरुण मुलींनी त्यांच्यासोबत बसून ते काम हाती घेतलं. २०२१ साली त्यांनी मांडणी बदलली. आता आत गेल्यावर आधी भुयार दिसत नाही. वसतिगृह दिसतं, खेळाचं मैदान दिसतं, गळ्यात गळे घालून हसणाऱ्या मुलींचे फोटो दिसतात. एक-दोन फोटोंत कुणीतरी हलल्यामुळे चेहरा पुसट आलाय.

वेळ झालीये, प्रश्न असतील तर जरूर विचारा. आम्ही इथे थांबतो.